परमुलखातील सेवा आणि भौतिकोपचाराचे विद्यार्थी



ज्यांच्या स्मृत्यर्थ ही व्याख्यानमाला दरसाल भरते त्या गुरुवर्यांनी आपली उभी हयात खाटेवर पडलेल्या माणसांना पुन्हा चालते करण्यात वेचली. तेव्हा त्यांच्या नावाने बोलावयाचे तर विषय त्यांच्या आणि माझ्या व्यवसायातला, आणि शक्य तर अडचणीतला असावा, असे मी मनाशी ठरविले. मी निवडलेला विषय अडचणीतला अशासाठी की, त्यात कोणाच्याही हेतूविषयी शंका घेण्यास जागा नाही, आणि तरीही त्यात पुष्कळ काही चुकते आहे.

अमेरिकेतील विद्यापीठांत फिजिओथेरपीचे, म्हणजे भौतिकोपचाराचे, शिक्षण घेणारे विद्यार्थी दरवर्षी वसंताच्या सुटीत वा उन्हाळ्यात, एकदोन प्राध्यापकांच्या देखरेखीखाली, ग्वाटेमाला, डोमिनिकन प्रजासत्ताक, आणि परिस्थिती बिघडेपर्यंत हैती, अशा देशांत आठपंधरा दिवसांच्या सेवायात्रेवर जातात. जाण्यापूर्वी ते देणग्या गोळा करतात, पदरमोड करतात, वापरून झालेल्या कुबड्या, वॉकर आणि गुडघ्याचे पट्टे घरोघर मागून पेट्या भरतात. तिथे उन्हातान्हात राबतात. आणि परत येताना अंतःकरणात काहीतरी हलल्याची जाणीव घेऊन येतात. या तुकड्यांत मराठी आडनावांची मुलेमुलीही आता असतात, आणि इकडून शिकून तिकडे स्थायिक झालेले माझे काही विद्यार्थी अशा तुकड्यांचे मार्गदर्शक झाले आहेत. त्यांची पत्रे येतात, आणि फिरून फिरून प्रश्न एकच असतो : बाई, आम्ही जावे की न जावे? आजचे माझे भाषण हे त्या पत्रांना दिलेले, जरा लांबलेले उत्तर आहे असे समजा.

प्रश्नाचे स्वरूप ध्यानात यावे म्हणून मी आपल्याला हैतीला घेऊन जाते. १२ जानेवारी २०१० रोजी, सायंकाळी पाच वाजण्याच्या सुमारास, लेओगान या गावाजवळ ७.० तीव्रतेचा भूकंप झाला, आणि तिथून जेमतेम पंचवीस किलोमीटरवर असलेली पोर्ट-ओ-प्रिन्स ही राजधानी मिनिटाच्या आत ढासळली. मृतांच्या संख्येविषयी आजतागायत एकमत नाही; कोणी एक लाख म्हणतो, तेथील सरकार तीन लाखांच्या वर जाते. पण आपल्या व्यवसायाचा संबंध मृतांशी नसतो, वाचलेल्यांशी असतो. सिमेंटच्या छताखाली तासन्‌तास चिरडलेले पाय कापण्यावाचून गत्यंतर नव्हते. असे अवयव गमावलेल्यांची संख्या दोन ते चार हजार असावी, असा त्या वेळचा अंदाज होता. त्यातले पुष्कळ छेद घाईत, सरळ आडवे घेतलेले होते. जीव वाचला, पण त्यावर कृत्रिम पाय बसेना, म्हणून शस्त्रक्रिया पुन्हा कराव्या लागल्या. पाठीचा कणा मोडून कंबरेखाली लुळे झालेल्यांची गणती निराळीच. आणि एक कोटीच्या आसपास वस्तीच्या त्या देशात फिजिओथेरपी शिकविणारी एकही शाळा नव्हती!

जगभरातून विमाने आली. शल्यविशारद आले, भूलतज्ज्ञ आले, आणि पाठोपाठ विद्यार्थीही आले. त्यांनी काय पाहिले असेल, हे ज्याने वॉर्डात काम केले आहे त्याला सांगावयास नको. ज्यांनी केलेले नाही त्यांच्यासाठी दोन गोष्टी मी जरा जवळून दाखविते.

गुडघ्याच्या वरून पाय कापलेला रुग्ण स्वभावतःच खाटेवर पाठीला टेका देऊन, मांडीखाली उशी घेऊन बसतो, कारण त्याला तसे बरे वाटते. ही उशी हाच त्याचा वैरी. आठवड्याभरात मांडीच्या पुढले स्नायू आखडू लागतात, जांघेचा सांधा वाकलेल्या स्थितीत धरतो, आणि पुढे कितीही उत्तम कृत्रिम पाय आणून दिला तरी तो माणूस सरळ उभा राहू शकत नाही. म्हणून त्याला दिवसातून अनेकवार पालथे झोपवावे लागते, उरलेल्या भागावर इंग्रजी आठच्या आकड्यासारखी लवचिक पट्टी खालच्या टोकाशी घट्ट आणि वर सैल अशी गुंडाळावी लागते, आणि ती सुटली की पुन्हा गुंडाळावी लागते. ती दिवसातून कितीदा सुटते, याची कल्पना आपण न केलेलीच बरी. दुसरी गोष्ट कणा मोडलेल्या रुग्णाची. त्याला कंबरेखाली वेदना कळत नाही, म्हणून तो कूस बदलत नाही, म्हणून माकडहाडावरची कातडी दबून कुजते. त्याला दर दोन तासांनी वळविणे, यात कसली विद्या आहे? काहीच नाही. पण रात्रीच्या दोन वाजता, चार वाजता, सहा वाजता ते कोणीतरी केले नाही, तर तो माणूस कण्याच्या दुखापतीने नव्हे, त्या व्रणाने मरतो.

मित्रहो, इथेच माझा पहिला मुद्दा येतो, आणि तो आपल्या व्यवसायाच्या मूळ प्रकृतीविषयीचा आहे. नेत्रवैद्य एखाद्या गावी शिबिर भरवितो, मोतीबिंदू काढतो, निघून जातो. मागे राहिलेला माणूस पाहू लागलेला असतो. दुभंगलेला ओठ शिवणाऱ्या शल्यविशारदाचीही गोष्ट बव्हंशी अशीच. त्यांची विद्या घटकाभरात कार्य साधते. आमची विद्या तशी नाही. आमच्या औषधाचे नावच काळ हे आहे. आज केलेला व्यायाम उद्या केला नाही तर आजचा वाया जातो, आणि या आठवड्यात योग्य असलेला व्यायाम पुढल्या आठवड्यात बदलला नाही तर तोच अपाय करतो. मग जी विद्या मुळातच दीर्घ मुदतीची आहे, तिचा प्रयोग आठपंधरा दिवसांच्या मुक्कामात करावयाचा, हे कसे जमावे?

जन्मतः आत वळलेल्या पावलाचे उदाहरण घ्या. आयोवा येथील डॉक्टर इग्नासियो पोन्सेती यांनी या व्यंगावर जी पद्धती बसविली ती आज जगभर मान्य आहे. दर आठवड्याला पाऊल हलक्या हाताने थोडे वळवावयाचे, प्लास्टर घालावयाचे. पुढल्या आठवड्याला ते काढून पुन्हा थोडे वळवावयाचे. अशी साधारणपणे पाचसात प्लास्टरे झाली की बहुतेक मुलांच्या टाचेचा स्नायुबंध एका लहानशा छेदाने मोकळा करावा लागतो, आणि मग तीन आठवड्यांचे शेवटचे प्लास्टर. कोणाला वाटेल, काम फत्ते झाले. पण खरे काम इथून पुढे सुरू होते : दोन बुटांना जोडणारी पट्टी असलेले साधन तीन महिने दिवसाचे तेवीस तास, आणि नंतर रोज रात्री, मूल चारपाच वर्षांचे होईपर्यंत. हे मध्येच सोडले तर पाऊल परत वळते. आता सांगा, परगावाहून आलेल्या विद्यार्थ्यांनी मोठ्या ममतेने घातलेले पहिले प्लास्टर दुसऱ्या आठवड्यात काढणार कोण? बूट लहान झाले म्हणजे नवे देणार कोण? मूल रात्री रडते म्हणून पट्टी काढून ठेवणाऱ्या आईशी, तिच्या भाषेत, तिच्या ओसरीवर बसून, न रागावता बोलणार कोण?

‘कोण?’ हा प्रश्न मी आज वारंवार विचारणार आहे; आपण कंटाळू नये.

पेट्यांतून नेलेल्या साहित्याविषयीही दोन शब्द बोलले पाहिजेत. चाकाची खुर्ची दान केली म्हणजे पुण्य पदरी पडले, अशी आपलीही समजूत असते. परंतु रुग्णालयाच्या फरशीवर ढकलण्यासाठी केलेली, मापाची नसलेली, उशी नसलेली खुर्ची कंबरेखाली बधिर असलेल्या माणसाला दिली तर ती त्याला महिन्याभरात व्रण देते, आणि खडकाळ पायवाटेवर तिची पुढली लहान चाके पहिल्याच आठवड्यात मोडतात. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली यासंबंधी मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यात माप घेणे, बसवून पाहणे, वापर शिकविणे आणि दुरुस्तीची तजवीज करणे ही अंगे खुर्चीइतकीच आवश्यक मानली आहेत. हैतीतली बाई डोक्यावर पाण्याची बादली घेऊन चढण चढते, जमिनीवरच्या कोळशाच्या शेगडीपाशी वाकून रांधते. तिला वॉकर धरून गुळगुळीत मार्गिकेत चालावयास शिकविले, तर तिच्या आयुष्यातले कोणते काम सुकर झाले? तिला बादली उचलता आली पाहिजे. हे साध्य तिथल्या मातीत वाढलेल्या माणसाला न सांगता कळते, आणि बाहेरून आलेल्याला दुभाष्याच्या मार्फत, तेही त्याने विचारले तरच, कळते.

दुसरा मुद्दा अधिक कठोर आहे. १९६८ च्या एप्रिलमध्ये मेक्सिकोतील क्वेर्नावाका येथे इव्हान इलिच या विचारवंताने सेवेसाठी निघालेल्या अमेरिकन विद्यार्थ्यांसमोर एक भाषण केले. आपण यजमानांना जे देऊ म्हणता ते त्यांनी मागितलेले नाही. तेव्हा पाहण्यास या, शिकण्यास या, पण मदतीसाठी येऊ नका, असा त्याचा सारांश होता. ते भाषण आजही अशा तुकड्यांच्या पूर्वतयारीत वाचावयास देतात. मला ते अर्धे मान्य आहे. नुसत्या सद्‌हेतूने अपाय टळत नाही, हे तर हैतीच्याच इतिहासाने सिद्ध केले. भूकंपानंतर नऊ महिन्यांनी, २०१० च्या ऑक्टोबरात, संयुक्त राष्ट्रसंघाच्या शांतिसैनिकांच्या मिरबालेजवळील छावणीतली घाण आर्तिबोनित नदीच्या खोऱ्यात उतरली, आणि त्या पिढीने कधी न पाहिलेली पटकी तिथे पसरली. सुमारे दहा हजार माणसे मेली. राष्ट्रसंघाने आपला वाटा कबूल करावयास २०१६ साल उजाडले. त्या सैनिकांचा काही दुष्ट हेतू होता का? मुळीच नाही. ते रक्षणासाठीच आले होते. मैल्याच्या बंदोबस्ताची जबाबदारी कोणावर, एवढेच कोणी काटेकोरपणे पाहिले नव्हते.

विद्यार्थ्यांच्या बाबतीत अपाय इतका भयंकर नसतो, पण असतो. ज्या विद्यार्थ्याला स्वतःच्या देशात सनदधारक पर्यवेक्षकाच्या नजरेआड रुग्णाच्या मानेला हात लावण्याची मुभा नाही, त्याला विमानतळ ओलांडताच ती मुभा कोणी दिली? गरीबाची मान काही निराळ्या हाडांची नसते. हा मामला कायद्याचा नंतर, सभ्यतेचा आधी आहे. आणि जो रुग्ण उघडाबागडा, वेदनेत, खाटेवर पडला आहे त्याचे छायाचित्र काढून दूरदेशी दाखविण्यापूर्वी, आपल्या वडिलांचे असे छायाचित्र कोणी काढले तर चालेल का, हे प्रत्येकाने स्वतःला विचारावे.

परंतु इलिचचे उरलेले अर्धे मला का मान्य नाही? कारण, श्रोतेहो, आपण स्वतः परक्यांच्या मदतीने उभे राहिलो आहोत, आणि त्याचा विसर पडणे ही कृतघ्नता होईल. १९५२ च्या सुमारास मुंबईत पोलिओची साथ आली. लुळी पडलेली मुले वाचली खरी, पण त्यांना उभे करणारे शिक्षित हात या देशात जवळजवळ नव्हते. तेव्हा १९५३ साली परळच्या के. ई. एम. रुग्णालयात भारत सरकार, मुंबई सरकार आणि महानगरपालिका यांनी जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने फिजिओथेरपीची शाळा उघडली. ती या देशातली पहिली. १९५५ मध्ये भारतीय फिजिओथेरपिस्टांची संघटना स्थापन झाली. आज महाराष्ट्रातल्या बहुतेक जिल्ह्यांच्या गावी फिजिओथेरपिस्ट सापडतो, आणि आमचे विद्यार्थी लंडनपासून सिडनीपर्यंत पसरले आहेत. बाहेरची विद्या तेव्हा आपल्याकडे शिबिर भरविण्यास आली नाही. ती वर्गात आली, आणि तिने तुमच्यामाझ्यासारख्यांना शिकविले. एका मुंबईतल्या, एका वर्गातल्या या घटनेचे फळ आजपावेतो किती मुलांना मिळाले, याचा हिशेब कोण मांडणार?

त्याच परळच्या आवारातल्या सेठ गोर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात सोलापूरचा एक तरुण शिकून गेला होता. त्याचे नाव या सभागृहात मी सांगण्यापूर्वीच आपल्या ओठांवर आले असेल. द्वारकानाथ कोटणीस! १९३८ साली भारतातून चीनला गेलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकातले ते एक; नागपूरचे डॉक्टर चोळकर दुसरे. पथकातले इतर परतले, कोटणीस राहिले. त्यांनी चिनी भाषा आत्मसात केली, नुसते रुग्ण तपासले नाहीत तर तिथल्या तरुणांना वैद्यक शिकविले, कॅनेडियन डॉक्टर बेथ्यून यांच्या नावाच्या रुग्णालयाची धुरा वाहिली, तिथेच विवाह केला, आणि १९४२ च्या डिसेंबरात, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, तिथेच देह ठेवला. प्रत्येकाने कोटणीस व्हावे, असे मी कसे म्हणेन? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. पण त्यांच्या कामातल्या भाषा शिकणे आणि शिष्य घडविणे या दोन गोष्टींना हौतात्म्य लागत नाही. त्यांना चिकाटी लागते.

आता जिथे काम जमले अशी काही ठिकाणे पाहू. मेक्सिकोच्या सिनालोआ प्रांतातल्या आहोया या डोंगराळ खेड्यात १९८० च्या दशकाच्या प्रारंभी ‘प्रोहिमो’ नावाचे केंद्र सुरू झाले. स्वतः स्नायुविकाराने पीडित असलेल्या डेव्हिड वर्नर यांचा त्याला आधार होता, पण केंद्र चालविणारे बहुतेक सारे त्या मुलखातले अपंग खेडूतच होते. कोणी चाकाच्या खुर्च्या जोडी, कोणी कृत्रिम पाय करी, कोणी मुलांकडून व्यायाम करवून घेई. पाहुणे तज्ज्ञ येत, पण ते रुग्णाला हात लावण्यापेक्षा त्या कार्यकर्त्यांना शिकवीत. त्या अनुभवातून वर्नर यांनी १९८७ साली खेड्यातल्या अपंग मुलांसंबंधी जो जाडजूड ग्रंथ सिद्ध केला, त्यातली चित्रे पाहून कोणाही सुताराला, कोणाही आजीला, पुठ्ठ्याची किंवा फळ्यांची बैठक करता यावी, अशी त्याची रचना आहे. मेंदूच्या विकाराने मान न धरणाऱ्या मुलाला दोन भिंतींच्या कोपऱ्यासारख्या त्या बैठकीत बसविले की त्याचे हात मोकळे होतात, आणि ते प्रथमच समोरची वाटी पकडू पाहते. ही बैठक दुरुस्त करणारा माणूस त्याच गल्लीत राहतो. तिचे सारे मोल त्यात आहे.

नेपाळचेही पाहा. २५ एप्रिल २०१५ ला तिथे मोठा भूकंप झाला, तेव्हा परिस्थिती हैतीपेक्षा वेगळी होती. कारण धुलीखेल येथे काठमांडू विद्यापीठाचा फिजिओथेरपीचा अभ्यासक्रम २०१० पासून चालू होता, आणि कण्याच्या दुखापतीच्या रुग्णांसाठी २००२ साली स्थापन झालेले स्वतंत्र केंद्र सांगा येथे उभे होते. जखमींच्या खाटेपाशी त्यांच्याच बोलीत बोलणारी शिक्षित माणसे पहिल्याच दिवसापासून होती. बाहेरून मदत आली ती त्यांच्या हाताखाली कामाला लागू शकली. दोन भूकंप, पाच वर्षांचे अंतर. आणि पुनर्वसनाच्या बाजूने पाहता केवढा हा फरक! हैतीनेही पुढे तोच मार्ग धरला. २०१५ साली त्याच लेओगान गावी, जिथे धरणी हादरली होती तिथेच, एपिस्कोपल विद्यापीठाच्या छत्राखाली पुनर्वसनशास्त्राची शाखा उघडली आणि फिजिओथेरपीचे व ऑक्युपेशनल थेरपीचे शिक्षण हैतीच्या भूमीवर सुरू झाले. परदेशी अध्यापक तिथे जाऊन शिकवू लागले. नंतरची वर्षे त्या देशाला फार कठीण गेली. २०२१ च्या जुलैत राष्ट्राध्यक्षांची हत्या झाली, ऑगस्टात दक्षिणेकडे पुन्हा भूकंप झाला, सशस्त्र टोळ्यांनी राजधानीचा मोठा भाग व्यापला, आणि २०२४ मध्ये तर पोर्ट-ओ-प्रिन्सचा विमानतळही महिनोन्‌महिने बंद राहिला. जेव्हा बाहेरचे विद्यार्थी तिथे उतरू शकत नव्हते तेव्हा रुग्णाला दर दोन तासांनी कोणी वळविले असेल? पट्टी कोणी गुंडाळली असेल? ज्यांनी केले असेल त्यांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत, पण ती हैतीची माणसे होती, आणि त्यांच्यातल्या काहींना का होईना, कोणीतरी बाहेरच्याने कधीकाळी मन लावून शिकविले होते.

म्हणून, माझ्या विद्यार्थ्यांनो, जावे की न जावे याचे माझे उत्तर असे आहे : जावे, पण आपण सेवेस नव्हे, शिक्षणास निघालो आहोत हे देणगीदारांना आणि स्वतःला आधीच स्पष्ट सांगून जावे. त्यात कमीपणा काहीच नाही. भूक, अंतर आणि दारिद्र्य यांचा स्नायूंवर काय परिणाम होतो, हे ज्याने डोळ्यांनी पाहिले तो पुढे आपल्या गावच्या रुग्णालाही अधिक शहाणपणाने तपासील. तिथल्या फिजिओथेरपिस्टाच्या वा तंत्रज्ञाच्या हाताखाली राहावे. तो म्हणेल ते करावे, तो थांबवील तिथे थांबावे, मग आपली पदवी त्याच्याहून मोठी असली तरी. दरवर्षी नवा देश न निवडता त्याच गावी, त्याच केंद्रात जावे, म्हणजे मागल्या तुकडीने बसविलेला पाय या तुकडीला पाहता येईल आणि चुकला असल्यास कबूल करता येईल. निघण्यापूर्वी सहा महिने भाषा शिकावी. आणि पेट्या भरण्यापूर्वी तिकडे पत्र घालून काय हवे ते विचारावे. कदाचित उत्तर येईल की कुबड्या नकोत, आमच्या दोन विद्यार्थ्यांची वर्षाची फी भरा.

हे उत्तर आले तर काय करावयाचे, हा खरा कठीण प्रसंग. कारण विमानाच्या तिकिटासाठी देणगी सहज मिळते, दुसऱ्याच्या फीसाठी मिळत नाही. इथे आपले, म्हणजे देणगीदारांचे आणि वडीलधाऱ्यांचे, काम आहे. जगात सुमारे २४० कोटी लोकांना पुनर्वसनाच्या उपचारांनी लाभ होऊ शकतो असे जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि अनेक गरीब देशांत दर दहा लाख वस्तीमागे शिक्षित माणसे दहाही नाहीत. ही तूट सुटीच्या दिवसांनी भरून निघणार नाही.

आपल्या विद्यापीठांचे काही पदाधिकारी आज समोर बसले आहेत, म्हणून जाता जाता त्यांच्यापुढे एक अर्ज ठेवते. आमच्या इंटर्नशिपच्या काळातील काही महिने धुलीखेलला किंवा सांग्याला, तिथल्या शिक्षकांच्या हुकमतीखाली घालविण्याची परवानगी इच्छुक विद्यार्थ्यांना द्यावी, आणि त्याच्या बदल्यात तिथल्या तितक्याच विद्यार्थ्यांना मुंबई-पुण्यास येऊन शिकण्याची सोय करावी. राहण्याजेवण्याचा खर्च आपण उचलावा. नेपाळी भाषा देवनागरीत लिहितात, आपल्या मुलांना ती वाचावयास अडचण पडणार नाही. बोलावयास मात्र कष्ट घ्यावे लागतील, आणि ते त्यांनी घ्यावेत. अर्जाची लेखी प्रत मी कार्यवाहांच्या स्वाधीन केली आहे.